अंधारातली चौतीस तोंडे

(आपल्या सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. स्मरणिकेसाठी त्यांनी स्वतः ते वाचून दुरुस्त करून दिले आहे.)



सचिव साहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत. विषय विचारायला ते घरी आले तेव्हा मी म्हणालो, "प्रवाळांना जेवू कसे घालावे." ते म्हणाले, "सर, प्रवाळ भस्माबद्दल बोलणार का? बायांना आवडेल." मी म्हटले, भस्माबद्दल नाही, जिवंत प्रवाळाबद्दल. त्यांनी वहीत लिहून घेतले, पण चेहरा काही पटल्यासारखा नव्हता. समुद्रापासून इतक्या दूर, भाताच्या आणि तलावांच्या जिल्ह्यात बसून प्रवाळाचं काय सांगणार, असं त्यांना वाटलं असेल. मलाही दोन वर्षांपूर्वी तसंच वाटलं असतं.

तुमच्यापैकी बरेच जण जाणतात की मी तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये भूगोल शिकवला. त्यात प्रवाळ बेटांचा धडा दरवर्षी यायचा. फळ्यावर मी चार मुद्दे लिहायचो: उष्ण पाणी, उथळ पाणी, स्वच्छ पाणी आणि भरपूर सूर्यप्रकाश. "प्रवाळाच्या वाढीस आवश्यक परिस्थिती लिहा", चार गुण. ज्याने चार मुद्दे लिहिले त्याला चार गुण, ज्याने "सूर्यप्रकाश" सोडला त्याचा एक गुण मी लाल पेनाने कापला. आणि हे सगळं शिकवताना जिवंत प्रवाळ मी एकदाही पाहिलेला नव्हता, समुद्रही सहलीला गेलो तेव्हाच काय तो पाहिलेला.

गेल्या वर्षी मी आणि आमची सौ. मुलीकडे अमेरिकेला, न्यू जर्सीला गेलो. जावईबापूंना मत्स्यपालनाचा नाद आहे. मत्स्यपालन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धिवर बंधूंची सोसायटी, बोट आणि रोहू-कतला येतो. तसे नव्हे. घराच्या तळघरात काचेची मोठी टाकी, तीनशे चाळीस लिटरची, आणि तीत खारे पाणी. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण बारा किलो मीठ त्या एका टाकीत विरघळलेले. ते आपले खायचे मीठ नाही, समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेले वेगळे मीठ पाकिटात मिळते. पाणीसुद्धा नळाचे चालत नाही, फिल्टरमधून काढून अगदी शुद्ध करून मग त्यात मीठ टाकायचे. आपल्या सोसायटीची वरची टाकी वर्षातून दोनदा धुवायला आपण किती सभा घेतो ते आठवा, आणि जावईबापू दर शनिवारी एकटे पाणी बदलतात.

टाकीच्या उजेडाच्या बाजूला हिरवे-जांभळे प्रवाळ होते. ते माझ्या धड्यातले. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उजेडावर साखर तयार करते आणि तिच्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणून त्यांना दिवा पुरतो. पण टाकीच्या एका कोपऱ्यात, दगडाच्या छपराखाली, मुद्दाम अंधार केलेल्या जागी, एक नारिंगी गोळा होता. दिवसा पाहिला तर पिकलेल्या तेंदूच्या फळांचा घोस दगडाला चिकटवल्यासारखा. मी म्हटलं, "हा इथं अंधारात कशाला ठेवला? मरेल ना." जावईबापू हसले. म्हणाले, "बाबा, रात्री नऊला या."

रात्री नऊला आम्ही सगळे खाली गेलो. दिवे बंद, एक लहान लाल बत्ती. त्यांनी एका वाटीत काहीतरी वितळवले, त्याचे दोन थेंब पाण्यात सोडले आणि आम्ही वीस मिनिटे बसून राहिलो. आणि मग तो गोळा उमलला. मंडळी, मी जन्मभर शब्द वापरला "प्रवाळ कीटक". पुस्तकात तोच होता. कीटक वगैरे काही नाही. प्रत्येक फळाच्या टोकाला एक तोंड, आणि तोंडाभोवती पिवळ्याधमक बोटांचा झुपका. झेंडूचे फूल पाण्यात उमलावे तसे. इंग्रजीत त्याला सन कोरल म्हणतात, शास्त्रीय नाव ट्युबास्ट्रिया. नाव सूर्याचे आणि सूर्याशी घेणे-देणे काही नाही! त्याच्या अंगात ते शेवाळच नसते. दिव्यावर पोट भरायची सोय नसल्याने तो शिकार करून खातो, आणि जागेवरून हलता येत नसल्याने शिकार त्याच्याकडे यावी लागते. समुद्रात रात्री बारीक झिंगे, अळ्या, प्लवक प्रवाहाबरोबर वाहत येतात. काचेच्या टाकीत कोण येणार वाहत? म्हणून माणसाने भरवायचे. घास घास करून, प्रत्येक तोंडाला.

माझ्या चार गुणांच्या प्रश्नाचे काय झाले ते तिथेच कळले. नंतर जावईबापूंनी नकाशा काढून दाखवला. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ, तीनशे-चारशे मीटर खोल, थंडगार, काळोख्या पाण्यात सुमारे पस्तीस किलोमीटर लांबीची प्रवाळांची रांग आहे. २००२ मध्ये ती सापडली. उष्ण नाही, उथळ नाही, सूर्यप्रकाश तर नाहीच. माझ्या चारपैकी तीन मुद्दे गेले. ज्या विद्यार्थ्यांचे गुण मी कापले त्यांतला एक आज आपल्याच सोसायटीत राहतो, तो हसून राहिला आहे ते मला इथून दिसते.

मोठमोठ्यांचीही यात चूक झाली आहे, तेवढेच समाधान. १९२८-२९ साली यंग नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर मोहीम घेऊन बसले होते. प्रवाळ काय खातो हाच त्यांचा प्रश्न. त्यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेटीत ठेवून पाहिले, शेवाळ निघून गेले, पण खाऊ घातले तर प्रवाळ जगला. त्यावरून त्यांनी म्हटले, प्रवाळ मांसाहारी आहे, शेवाळाचा त्याला जेवणासाठी उपयोग नाही. पुढे किरणोत्सारी कार्बन वापरून शेवाळातले अन्न प्रवाळाच्या शरीरात जाताना दिसले आणि ते मत बदलावे लागले. म्हणजे त्यांनी शेवाळाचा वाटा शून्य धरला होता, आणि मी फळ्यावर सूर्यप्रकाशाशिवाय जगणंच नाही असं लिहीत होतो.

आता भरवण्याची पद्धत सांगतो. बाया विचारतील, म्हणून सविस्तर. बर्फात गोठवलेले मायसिस नावाचे बारीक झिंगे मिळतात, वड्यांच्या रूपात. आपल्या वैनगंगेच्या झिंग्यांचे धाकटे भाऊ समजा, तांदळाच्या दाण्याहून थोडे लांब. एक वडी टाकीतल्याच पाण्यात विरघळवायची, चहाच्या गाळणीत ओतून धुवायची, कारण गोठवतानाचे पाणी टाकीत गेले की पाणी बिघडते. धुतलेले झिंगे स्वच्छ वाटीत. त्याचे दोन थेंब आधी टाकीत सोडायचे. हा वास म्हणजे जेवणाची घंटा. तोंडे उघडेपर्यंत थांबायचे, घाई करायची नाही. उघडली की पाण्याचे पंप बंद करायचे, नाहीतर घास वाहून जातो. मग लांब नळीने एकेका तोंडावर एक-दोन झिंगे हळूच सोडायचे. पिवळी बोटे मिटतात, घास आत जातो. शेवटी पंप पुन्हा सुरू करायचे. हे विसरले तर मासे गुदमरतात.

यात एक चोर आहे. त्याच टाकीत एक लाल-पांढरा झिंगा राहतो, तो माशांचे अंग साफ करून देतो, मोठा गुणी. पण प्रवाळाच्या तोंडात घास दिसला की तो येऊन तोंडात हात घालून काढून नेतो. अक्षरशः काढून नेतो! त्यावर उपाय म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली मधोमध कापून तिचा वरचा भाग घुमटासारखा प्रवाळावर उपडा ठेवायचा आणि बाटलीच्या तोंडातून भरवायचे. मला हा उपाय फार आवडला. परदेशातल्या महागड्या छंदात सगळ्यात कामाची वस्तू निघाली ती कचऱ्यातली बाटली.

काही प्रवाळांना इतके मोठे घास चालत नाहीत. जावईबापूंनी पूर्वी गुलाबी रंगाचा, काचेसारखा मऊ प्रवाळ आणला होता, डेंड्रोनेफ्थिया त्याचे नाव. फार सुंदर दिसतो, पण घरी जवळपास कोणाकडे टिकत नाही. त्यांच्याकडेही तीन महिन्यांत संपला. १९९५ साली तांबड्या समुद्रातल्या अशा प्रवाळावर अभ्यास झाला, त्यात दिसले की तो मुख्यतः पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती खातो. झिंगे घालणारे झिंगे घालत राहिले आणि तो उपाशी मेला. आणि त्याला दिवसातून तीनदा जेवण असेही चालत नाही, सतत वाहते, सतत थोडेथोडे अन्न हवे. तेवढे अन्न टाकले की पाणी सडते. "सुंदर आहे म्हणून आणायचा नव्हता," एवढेच जावईबापू म्हणाले आणि विषय बदलला.

आता माझी गोष्ट.

जूनमध्ये मुलगी आणि जावईबापू दहा दिवसांसाठी बाहेरगावी गेले. नात आमच्याजवळ राहिली, तिचा पोहण्याचा वर्ग होता. टाकीची जबाबदारी माझ्यावर. फ्रिजवर मोठा कागद चिकटवला: सोमवार, बुधवार, शुक्रवार, रात्री नऊ, एक वडी, प्रत्येक तोंडाला एक-दोन, उरलेले फेकून द्या. आणि खाली लाल अक्षरात, "जास्त टाकू नका". आता सांगा, आपल्या भंडाऱ्याच्या माणसाला कोणी लिहून देतं का की जास्त वाढू नका? पंगतीत "बस, बस" म्हणणाऱ्याच्या ताटात दोन जास्तीच्या पुऱ्या टाकल्याशिवाय आपला हात मागे येत नाही.

पहिल्या सोमवारी सगळे व्यवस्थित झाले. चाळीस मिनिटे लागली. नात मोजत होती. भरवून झाल्यावर ती म्हणाली, "आबा, चौतीस तोंडं आहेत. तू एकतीसच भरवलीस." मी म्हटले, तीन कुठे राहिली? तिने काचेला गाल टेकवून दाखवले. गोळ्याच्या मागच्या बाजूला, दगडाला लागून, तीन लहान तोंडे. ती उघडलीही नव्हती. समोरच्यांसारखी फुगलेली नव्हती, कवचात आत ओढून बसलेली. तिथपर्यंत नळी पोचत नव्हती आणि मला दिसतही नव्हती. मी म्हटलं, जाऊ दे, एकाच अंगाचे आहेत, शेजाऱ्याचं खाल्लेलं त्यांनाही पोचत असेल.

मंडळी, मी शिक्षक. हजेरीत एकतीस आले आणि तीन नाही आले तर विचारायचे असते. शाळेत खिचडी वाटताना शेवटच्या बाकावरची पोरे रांगेत येत नाहीत हे मला तीस वर्षे माहीत होते, त्यांच्यासाठी मी पातेल्याशी जाऊन उभा राहत असे. आणि इथे मी म्हटलं, जाऊ दे.

त्या बुधवारी त्यांच्यासाठी म्हणून मी एकाऐवजी तीन वड्या केल्या. मागे नळी जात नाही तर मागच्या बाजूला सगळेच ओतू, वाहत वाहत काहीतरी पोचेल, असा विचार. सौ. जिन्यावरून ओरडली, "अहो, काय करून राहिले तुम्ही? पाव्हण्याले जेवू घालून राहिले का त्याले मारून राहिले?" मी म्हटलं, तुला काय समजते. शुक्रवारी पुन्हा तेच. समोरची तोंडे तर मिटतच नव्हती इतकी खाऊन राहिली होती, मला वाटलं किती खूश आहेत.

शनिवारी सकाळी खाली गेलो तर पाणी भाताच्या पेजेसारखे पांढुरके. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. फेस काढण्याचे जे यंत्र असते त्याचा पेला भरून घाण जमिनीवर सांडली होती आणि तळघरभर वास. न खाल्लेले झिंगे दगडाच्या मागे जाऊन सडले होते. सडल्यावर त्यातून अमोनिया निघतो. थोडा असेल तर टाकीतले जिवाणू त्याचे पुढे रूपांतर करतात, पण मी एकदम इतके टाकले की त्यांच्याच्याने ते होईना. फोन लावला तेव्हा जावईबापूंकडे पहाटेचे पाच वाजले होते. ते एक शब्द रागावले नाहीत. "बाबा, आधी हवेचा पंप लावा. मग कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात तयार पाणी आहे, बादलीने वीस टक्के बदला. मागे साचलेले नळीने ओढून काढा." चार तास मी, सौ. आणि नऊ वर्षांची नात बादल्या वाहत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस टक्के. मासे वाचले. एक गोगलगाय गेली.

आणि ती तीन तोंडे गेली. पाणी बिघडल्याने समोरचा गोळा चार दिवस उघडलाच नाही, पण तो आधीचा धष्टपुष्ट होता, त्याने सोसले. मागच्या तिघांत सोसण्यासारखे काही नव्हते. त्यांचे नारिंगी मांस आकसत गेले आणि खाली पांढरे कवच दिसू लागले. त्या वेळी मी वाचले की या जातीत शेजारच्या तोंडांचे मांस एकमेकांना जोडलेले असते हे खरे, थोडेफार अन्न इकडून तिकडे जातेही, पण त्यावर पोट भरत नाही. म्हणून तर प्रत्येक तोंड वेगळे भरवायचे. मी जे "पोचत असेल" म्हटले होते ते पोचत नव्हते. तिथे एक वाकडी नळी होती, टेबलाच्या खणात, मागच्या बाजूसाठीच. कागदावर लिहिलेलीही होती, दुसऱ्या पानावर. दुसरे पान मी वाचले नव्हते.

जावईबापू परत आल्यावर म्हणाले, असे होते, बाबा. नात मात्र काही दिवस माझ्याबरोबर खाली यायची नाही. पुढे ती स्वतः वाकडी नळी घेऊन भरवायला लागली. आम्ही निघायच्या आधी त्या पांढऱ्या कवचाच्या कडेला एक नारिंगी ठिपका आला होता, मोहरीएवढा. तो नवा होता की जुन्यातलेच काही उरले होते ते जावईबापूंनाही सांगता आले नाही. परवा फोनवर नातीने सांगितले की आता तो ज्वारीच्या दाण्याएवढा आहे आणि त्याला बोटे आली आहेत.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी खरे म्हणजे इथे उभा आहे.

त्याच टाकीत आणखी एक जीव होता. सपाट, जाळीदार, पंख्यासारखा, पिवळसर. दिवसा वाळक्या फांदीसारखा दिसायचा. तोही शेवाळाशिवायचा, भरवून जगवायचा, त्याला तर भुकटीएवढे बारीक अन्न लागायचे. एका रात्री तो उघडला आणि त्याच्या प्रत्येक काडीवर पांढरी इवली तोंडे आली, प्रत्येकाला आठ बोटे. हजारभर असतील. सौ. माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, हे तर आपलं इंद्रजाल आहे."

तिने बरोबर ओळखले. आमच्या दाराच्या वर बारा वर्षे काचेच्या फ्रेममध्ये इंद्रजाल होते. एका जत्रेत घेतलेले, पाचशे रुपयांना. विकणारा म्हणाला, ही समुद्रातली वनस्पती आहे, मंगळवारी लावा, नजर लागत नाही. आम्ही लावले. वनस्पती नाही हो ती. तो सागरपंखा, नाहीतर काळा प्रवाळ, त्याचा वाळवलेला सांगाडा. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यांतही हे अडकून येतात. त्या काळ्या प्रवाळाच्या काही जाती इतक्या हळू वाढतात की हवाईजवळच्या खोल समुद्रातल्या एका प्रवाळाचे वय शास्त्रज्ञांनी चार हजार वर्षांहून जास्त काढले आहे.

आणि कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण मला माहीत नव्हते आणि तुम्हालाही नसेल. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ घातले: सर्व दगडी प्रवाळ, सर्व काळे प्रवाळ, सर्व सागरपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ. पहिली अनुसूची म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती. नागझिऱ्याचा वाघ आणि दारावरचे इंद्रजाल एकाच यादीत. त्याचा व्यापार, बाळगणे, हा गुन्हा आहे, आणि शिक्षा किमान तीन वर्षे कैदेची आहे. तेव्हा अमेरिकेतून येताना एक तुकडा घेऊन या म्हणणारे आमचे मित्र, किंवा नागपूरच्या दुकानातून मत्स्यटाकीसाठी प्रवाळ आणू म्हणणारी आपली तरुण मंडळी, यांनी हे ऐकून ठेवावे. गणेशोत्सवात मी फोटो दाखवले तेव्हा चार-पाच पोरे मागे लागली होती, "आजोबा, आपल्या क्लब हाऊसमध्ये अशी टाकी लावू." मी हो-हो म्हटले होते. ते हो मी आज परत घेतो. मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले तेव्हापासून आपल्याकडे समुद्र काचेत पाहायची हौस आहे, त्यात वाईट काही नाही, पण पाहायचे असेल तर मालवणला जा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ जागेवर आहेत. त्यांच्यावर पाय ठेवू नका म्हणजे झाले.

परत आल्यावर आठ दिवस मी रोज दारावरच्या फ्रेमकडे पाहत होतो. काढायचे म्हटले तर सौ.च्या मनात धाकधूक, बारा वर्षे घरात सगळे बरे चालले आहे, आणि काढल्यावर काही झाले तर? तो प्रश्न खोटा नव्हता, मी तिला हसलो नाही. शेवटी तीच एका सकाळी स्टूल घेऊन आली आणि म्हणाली, "काढा बाप्पा. मले आता त्याची तोंडं दिसून राहिली." ओळखीच्या एका वनरक्षकाला विचारले, त्याने सांगितले तसा अर्ज लिहिला आणि नेऊन जमा केले. माझ्या मनात जी भीती होती तसे काही झाले नाही.

या सोसायटीत आणखी चार दारांवर मी तशी फ्रेम पाहिली आहे. कोणाची ते मी सांगणार नाही, आणि कोणी कोणाकडे बोट दाखवू नये. ज्यांना द्यायचे असेल त्यांनी मला सांगा, अर्ज मी लिहून देतो, सोबत येतो.

आणि तुम्ही विचाराल त्याआधी मीच सांगतो: माझ्या बोटातली ही अंगठी. हे पोवळे. मंगळ कडक म्हणून आईने १९७८ साली घालायला लावले. तेही यांच्यातलेच, भूमध्य समुद्रातला लाल प्रवाळ, गुहांच्या अंधारात वाढणारा, अंगात शेवाळ नाही, येईल तो घास धरून खाणारा. त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. हा हरभऱ्याएवढा मणी किती वर्षांचा असेल याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि मग तो कागद फाडून टाकला. अंगठी मी काढलेली नाही. आईची आहे. पण नवी कोणाला घ्या म्हणून सांगणार नाही, आणि नातीने मागितली तर काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही.

पोरांनो, तुमच्या टाकीचे मी विसरलेलो नाही. आपल्या जिल्ह्यात गोंड राजांच्या काळात कोहळी मंडळींनी जे तलाव खोदले, ज्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांत काय काय आहे ते माझ्या पिढीने नीट पाहिले नाही. इथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धिवर बांधवांबरोबर काम करून कित्येक तलावांतली बेशरमी काढली, पाण्यातल्या मूळच्या वनस्पती पुन्हा लावल्या, कारण त्या वनस्पती नसल्या तर देशी माशांना खायला आणि अंडी घालायला जागा राहत नाही. तिथेही प्रश्न तोच आहे की पाण्यात कोण काय खातो. ते पाहायला बारा किलो मीठ लागत नाही. एखादा रविवार काढा, मी आणि आपला मागच्या बाकावरचा विद्यार्थी, ज्याचा गुण मी कापला होता, दोघे मिळून नेतो. आणि तोवर खांब तलावावर जाऊन माशांना ब्रेडचे पुडेच्या पुडे टाकणे तेवढे बंद करा. तीन वड्यांनी काय होते ते मी तळघरात पाहिले आहे.

सचिव साहेब घड्याळ दाखवून राहिले आहेत, आणि दुधावर साय धरली आहे. नातीने कालच विचारले, "आबा, तुमच्या सोसायटीत किती घरं आहेत?" मी म्हटले चोवीस. ती म्हणाली, "मागच्या बाजूची धरून?" मागच्या विंगच्या तळमजल्यावरच्या आजी गुडघ्यामुळे आज वर गच्चीवर आल्या नाहीत. त्यांचा पेला मी भाषणाच्या आधीच काढून ठेवायला सांगितला आहे, तो कोणीतरी आधी खाली नेऊन द्या, मग आपण घेऊ.